तिसरी-चौथीच्या मुलांना लेडीबर्डविषयी नेमके काय शिकवावे?

प्राथमिक शिक्षिका

नमस्कार. मी एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथीच्या एकत्रित वर्गाला परिसर अभ्यास शिकवते. शाळेच्या कुंपणाला लागूनच करडईचे शेत आहे. डिसेंबर उजाडला की मुले तिथून लाल, ठिपकेदार भुंगेरे काड्यापेटीत घालून वर्गात आणू लागतात. काही मुले त्याला लेडीबर्ड म्हणतात, काहींच्या घरी त्याला ढालकिडा म्हणतात. यंदा या कीटकावर दोन-तीन तासिकांचा नीट पाठ घ्यावा असे मनात आहे.

उपलब्ध साहित्यात मला बहुधा फुलावर बसलेल्या, हसऱ्या चेहऱ्याच्या लाल किड्याचे चित्र आणि त्याखाली ‘हा शेतकऱ्याचा मित्र आहे’ अशी एक ओळ एवढेच सापडते. मुलांचे प्रश्न मात्र त्याच्या बरेच पुढचे आहेत. जितके ठिपके तितकी त्याची वर्षे, हे खरे आहे का? हातावर घेतल्यावर तो पिवळे पाणी का सोडतो, आणि ते विषारी असते का? तो चावतो का? पेटीत हिरवे गवत आणि झेंडूच्या पाकळ्या घातल्या तरी तो काहीच का खात नाही? एका मुलाचे वडील म्हणाले की किडा म्हटला की तो पिकाचा शत्रूच, तेव्हा त्या मुलाला काय उत्तर द्यावे?

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला या कीटकाबद्दल काय ठाऊक असायलाच हवे, कोणती गोष्ट सध्या बाजूला ठेवली तरी चालेल, आणि एकही किडा न मारता वर्गात काय पाहता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कीटकनिरीक्षक

बाई, मुलांनी घातलेल्या गवताला आणि पाकळ्यांना भुंगेऱ्याने तोंड लावले नाही, इथूनच पाठ सुरू करावा असे मला वाटते. बहुतेक पुस्तके रंग आणि ठिपक्यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकून पडतात. तो कोणत्या झाडावर बसला होता आणि तिथे काय खात होता, हा प्रश्न आधी विचारला तर बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

तुमच्याकडे करडईवर येणारा मोठा, तांबडा भुंगेरा बहुधा सात ठिपक्यांचा ढालकिडा असावा. त्याची लांबी साधारण ५ ते ८ मिलिमीटर असते. करडईच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि पानांच्या खालच्या बाजूस जो काळा मावा साचतो, तो खाण्यासाठीच तो शेतात येतो. मावा हा झाडाचा रस शोषणारा, मऊ अंगाचा, अगदी छोटा कीटक आहे. त्याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्लांना जन्म देतात आणि ती पिल्लेही थोड्याच दिवसांत स्वतः प्रजनन करू लागतात, त्यामुळे हवामान अनुकूल मिळाले की बघता बघता शेंडा काळा पडतो. पूर्ण वाढलेला ढालकिडा दिवसाला मावा-किडीची कित्येक डझन पिल्ले व प्रौढ फस्त करू शकतो. पेटीतला पाहुणा उपाशी राहतो तो याच कारणाने, कारण त्याच्यासाठी गवत हे अन्नच नाही.

आता शरीररचना. त्याला सहा पाय आहेत आणि शरीराचे डोके, वक्ष व उदर असे तीन भाग आहेत, म्हणून तो कीटक. पाठीवरचे लाल कवच म्हणजे त्याच्या पंखांची पुढची जोडी होय. ती कठीण झालेली असते आणि उडण्यासाठी नव्हे, तर झाकण्यासाठी वापरली जाते. उडण्याचे पातळ, पारदर्शक पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात आणि उलगडल्यावर ते कवचापेक्षा लांब दिसतात. हे मुलांना दाखवणे अवघड नाही. ढालकिड्याला वरच्या दिशेने चढत जाण्याची सवय असते, त्यामुळे त्याला उभ्या धरलेल्या बोटावर किंवा काडीवर सोडले की तो टोकापर्यंत चालत जातो, तिथे कवच दोन बाजूंना उघडतो आणि उडतो. त्या क्षणी चारही पंख दिसतात. चित्रांमध्ये हमखास होणारी एक चूकही मुलांच्या नजरेस आणून द्यावी. लाल कवचाच्या पुढे काळ्या भागावर जे दोन पांढरे डाग असतात ते डोळे नव्हेत. तो वक्षाचा भाग आहे, आणि खरे डोके त्याच्याही पुढे, लहानसे आणि अर्धवट झाकलेले असते.

ठिपक्यांचा आणि वयाचा काहीही संबंध नाही. सात ठिपक्यांच्या ढालकिड्यात प्रत्येक कवचावर तीन-तीन आणि दोन्ही कवचे जिथे मिळतात तिथे मध्यभागी एक सामाईक, असे एकूण सात ठिपके असतात. ते आयुष्यभर तेवढेच राहतात. आपल्याकडे तितकाच सर्रास आढळणारा दुसरा ढालकिडा आकाराने थोडा लहान, नारिंगी-पिवळा असतो आणि त्याच्या पाठीवर नीटसे गोल ठिपके नसतातच, तर नागमोडी काळे पट्टे असतात. काही जातींना ठिपके अजिबात नसतात. ठिपके जातीप्रमाणे ठरतात, आणि ढालकिडा इतकी वर्षे जगतही नाही. काही आठवडे ते काही महिने, आणि कडक थंडीच्या प्रदेशात निद्रावस्थेत हिवाळा काढणाऱ्यांना वर्षभर किंवा थोडे अधिक, एवढेच त्याचे आयुष्य.

पिवळे पाणी म्हणजे त्याच्या शरीरातला रक्तासारखा द्रव. धोका जाणवला की तो पायांच्या सांध्यांतून त्याचे थेंब बाहेर सोडतो. त्याला उग्र वास येतो आणि चव अतिशय कडू असते. एकदा चव घेतलेला पक्षी तसा लालभडक किडा पुन्हा टिपताना विचार करतो, आणि म्हणूनच लपण्याऐवजी उठून दिसणारा रंग या कीटकाला परवडतो. माणसाच्या त्वचेला त्याने सहसा काही होत नाही. हाताला डाग व वास राहतो, तेव्हा साबणाने हात धुवावेत आणि तोपर्यंत डोळ्यांना किंवा तोंडाला लावू नयेत, एवढे पुरे. चावण्याबद्दल म्हणाल तर तो क्वचित बारीकसा चिमटा घेतो, पण त्याला नांगी नाही आणि तो विषही टोचत नाही. खूपच डिवचले तर तो पाय पोटाशी आखडून मेल्याचे सोंग घेतो. मुलांनी अशा वेळी त्याला फेकून न देता थोडा वेळ वाट पाहावी.

माझ्या मते पाठाचा निम्मा वेळ मात्र यापुढच्या भागाला द्यायला हवा, तो म्हणजे अळीला. मादी माव्याच्या जवळपास, बहुधा पानाच्या खालच्या बाजूस, पिवळी, लांबट अंडी पुंजक्याने उभी घालते. काही दिवसांत त्यांतून ज्या अळ्या निघतात त्या आईबापांसारख्या मुळीच दिसत नाहीत. त्या लांबट, शेपटाकडे निमुळत्या होत गेलेल्या, करड्या-काळ्या रंगाच्या आणि अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या असतात. त्यांना सहा पाय असतात आणि त्या चांगल्याच चपळ असतात. अळी वाढताना तीनदा कात टाकते आणि या काळात शेकड्यांनी मावा खाते. मावा कमी पडला तर शेजारची अंडी आणि स्वतःची भावंडेही खाते. पुढे ती पानाला शेपटाकडून चिकटून कोषावस्थेत जाते. हा कोष अगदी निर्जीव नसतो, कारण त्याला हलकेच स्पर्श केला तर तो झटका देऊन ताठ उभा राहतो. कोषातून बाहेर आलेला नवा भुंगेरा फिकट पिवळा आणि बिनठिपक्यांचा असतो. काही तासांत त्यावर ठिपके उमटू लागतात, लाल रंग गडद व्हायला मात्र आणखी बरेच दिवस जातात. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा हा प्रवास हवामानाप्रमाणे साधारण तीन ते पाच आठवड्यांचा असतो. फुलपाखराचे चार टप्पे मुलांनी पाठ केलेले असतातच, तेच चार टप्पे इथे त्यांना कुंपणापलीकडे प्रत्यक्ष पाहता येतील.

रब्बी

वरचे विवेचन उत्तम आहे. अळीविषयी जे लिहिले आहे त्याला एक शेतकरी म्हणून दुजोरा देतो. लाल भुंगेरा मित्र आहे हे आमच्याकडे आता बऱ्याच जणांना माहीत असते, परंतु त्याची अळी दिसली की ती नवीन कीड समजून फवारणीचा पंप बाहेर काढला जातो. वास्तविक भुंगेरा भरल्या पोटी उडून जाऊ शकतो, अळीला पंख नसल्यामुळे ती मात्र त्याच झाडावर राहून मावा संपवत असते. व्यापक परिणामाचे कीटकनाशक मारले की मावा आणि अळी दोन्ही मरतात. मावा काही दिवसांत पुन्हा उभा राहतो, त्याला खाणारे मात्र लवकर परतत नाहीत. ज्या मुलाच्या वडिलांनी किडा म्हणजे शत्रू असे सांगितले, त्या मुलाला वाद घालायला लावू नये. अळी आणि मावा एकत्र असलेले एक पान त्याने घरी दाखवावे.

आणखी एक गोष्ट मुलांना शेतातच दिसेल. मावा असलेल्या शेंड्यावर मुंग्यांची ये-जा असते. मावा रस शोषून जो गोड, चिकट पदार्थ बाहेर टाकतो, ज्याला आम्ही चिकटा पडला असे म्हणतो, तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिडा आला की त्याच्यावर धावून जातात. अशा वेळी तो पाय आत ओढून पानाला घट्ट चिकटून बसतो. त्याची पाठ घुमटासारखी आणि पोट सपाट का आहे, याचे उत्तर मुलांनी इथे स्वतः शोधावे.

परसबाग

दोन्ही प्रतिसाद आवडले, परंतु ‘ढालकिडा मांसाहारी आहे’ हे वाक्य मुलांच्या वहीत सरसकट उतरू नये, म्हणून थोडी भर घालते. जगात या कुळातल्या सुमारे ६००० जाती ज्ञात आहेत. त्यांतल्या बहुसंख्य इतर कीटकांवर जगतात हे खरे, पण सगळ्या नव्हेत.

आपल्या परसातच त्याचा पुरावा मिळतो. वांग्याच्या पानांचा हिरवा भाग खरवडून खाल्लेला आणि शिरांची जाळी तेवढी उरलेली दिसली, तर तिथे बहुधा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा असतो. शेतीच्या पुस्तकांत त्याला एपिलॅक्ना किंवा हड्डा भुंगेरा म्हणतात. तो याच कुळातला असूनही शाकाहारी आहे आणि वांगे, बटाटा, टोमॅटो यांबरोबर कारल्यावरही येतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. मित्र ढालकिड्याची पाठ गुळगुळीत आणि चकचकीत असते, तर याच्या पाठीवर अतिशय बारीक लव असल्यामुळे ती मळकट, तांबूस-पिवळसर दिसते. अळ्यांमधला फरक तर भिंगाशिवायही कळतो, कारण याची अळी पिवळी असून तिच्या अंगभर फाटे फुटलेले काटे असतात आणि ती जागची फारशी हलत नाही. अंडी मात्र दोघांचीही पिवळी आणि पुंजक्यात उभी घातलेली असतात, त्यामुळे नुसत्या अंड्यांवरून निवाडा करू नये.

तिसरा प्रकार मला सर्वांत गमतीचा वाटतो. भोपळा, काकडी यांच्या पानांवर पावसाळ्यानंतर भुरी नावाची पांढरी बुरशी येते. तिथे लिंबासारखा पिवळाधमक, पंखांवर एकही ठिपका नसलेला आणि मानेच्या पांढऱ्या भागावर दोन काळे ठिपके असलेला लहानसा ढालकिडा दिसतो. तो ना मावा खातो, ना पान. तो ती बुरशीच खातो. एकाच कुळातल्या तिघांची तीन वेगवेगळी अन्ने आहेत, आणि तिघांची ओळख पटवायला ठिपक्यांपेक्षा पानच अधिक उपयोगी पडते.

प्राथमिक शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वांग्याची जाळीदार पाने शाळेच्या परसबागेतच मिळाली, त्यामुळे तो फरक मुलांना लगेच दाखवता आला. आता आणखी दोन प्रश्न. वर्गात बरणीत अळी ठेवून तिचा भुंगेरा होईपर्यंत निरीक्षण करणे कितपत योग्य ठरेल? दुसरे असे, की एका मुलीने आणलेला ढालकिडा एका तपकिरी, रेशमी गाठोड्यावर बसून होता. तो जिवंत होता आणि थरथरत होता, पण जागचा हलत नव्हता. मुलांचे म्हणणे असे की तो अंडी उबवत आहे. हे शक्य आहे का?

कीटकनिरीक्षक

आधी दुसरा प्रश्न. ढालकिडे अंडी उबवत नाहीत. मादी अंडी घालून निघून जाते. तुमच्या विद्यार्थिनीने जे आणले आहे ते परजीवी गांधीलमाशीचे काम दिसते. मुंगीहून फार मोठी नसलेली एक काळसर गांधीलमाशी प्रौढ ढालकिड्याच्या शरीरात एक अंडे घालते, तिची अळी आतच वाढते, मग बाहेर येऊन ढालकिड्याच्या पायांमध्ये कोष विणते. ढालकिडा त्यावर अडकून राहतो आणि त्याच्या लाल रंगामुळे व थरथरण्यामुळे त्या कोषाचे आपोआप रक्षण होते. यातून काही ढालकिडे वाचतातही. चौथीच्या वर्गाला एवढा सगळा तपशील हवाच असे नाही, परंतु ‘ही अंडी नाहीत, हा दुसऱ्या कीटकाचा कोष आहे’ एवढे अवश्य सांगावे. तो झाकणाला जाळी असलेल्या बरणीत ठेवलात तर बाहेर कोण येते ते मुलांना पाहता येईल.

बरणीतले निरीक्षण जरूर करावे, फक्त काही पथ्ये पाळावीत. एका बरणीत एकच अळी ठेवावी, अन्यथा सकाळी एकच शिल्लक असेल आणि मुलांना त्याचे उत्तर द्यावे लागेल. तोंडाला पातळ सुती कापड बांधावे. मावा असलेला ताजा शेंडा रोज बदलावा, आणि तो बदलताना जुन्या शेंड्यावर अळी राहिली नाही ना, हे पाहावे. ओलसर कापसाचा लहान बोळा पुरेसा असतो, तर साठलेल्या पाण्यात अळी बुडते. बरणी उन्हात ठेवू नये. सुट्टीच्या दिवशी मावा पुरवण्याची सोय नसेल, तर अळीऐवजी कोषासकट पान आणावे, कारण कोषाला अन्न लागत नाही आणि सुमारे आठवडाभरात भुंगेरा बाहेर पडतो. शक्य झाले तर भुंगेरा बाहेर आल्यावर मुलांनी दर तासाला त्याचे चित्र काढावे. बिनठिपक्यांच्या पिवळ्या किड्यावर ठिपके उमटताना एकदा पाहिले की वयाचा प्रश्न पुन्हा विचारला जात नाही. नंतर त्याला त्याच शेतात सोडावे.

विज्ञानकट्टा

गोष्ट सांगण्यासाठी दोन प्रसंग सुचवतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात संत्र्या-लिंबांच्या बागा ऑस्ट्रेलियातून चुकून आलेल्या एका पांढऱ्या, कापसासारख्या खवले किडीने उजाड होऊ लागल्या होत्या. आल्बर्ट कोबेल हे कीटकतज्ज्ञ १८८८ मध्ये त्या किडीच्या मूळ देशी गेले आणि तिला खाणारे लहान तांबडे-काळे ढालकिडे त्यांनी जहाजाने पाठवले. पोहोचलेले किडे काहीशेच होते, पण दोन वर्षांच्या आत बागा सावरल्या. भारतातही ऑस्ट्रेलियातील दुसरा एक ढालकिडा, क्रिप्टोलिमस, १८९८ मध्ये कॉफीवरील खवले किडीसाठी आणला गेला. आज द्राक्ष आणि सीताफळाच्या बागांत पिठ्या ढेकूण या झाडाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीविरुद्ध तो सोडतात. त्याच्या अळीच्या अंगावर पांढरे मेणचट तंतू असतात, त्यामुळे ती स्वतःच पिठ्या ढेकूण असल्यासारखी दिसते आणि अनेकदा गैरसमजातून मारली जाते.

दुसरा प्रसंग अंतराळातला आहे. जुलै १९९९ मध्ये कोलंबिया या अवकाशयानातून चार ढालकिडे मावा-किडीसह पाठवले होते. हा प्रयोग चिलीतील शाळकरी मुलींनी सुचवला होता. वजनरहित अवस्थेत ढालकिड्याला मावा पकडता येतो का, हे त्यांना पाहायचे होते.

रब्बी

बाईंच्या वेळापत्रकाच्या दृष्टीने एक सूचना. करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि त्यानंतर तिथे ढालकिडे दिसणार नाहीत. तासिका पुढे गेल्या तर पाठ अडू नये म्हणून चवळीचे चार वेल शाळेच्या परसबागेत लावून ठेवावेत. चवळीच्या कोवळ्या शेंगांवर काळा मावा हटकून येतो आणि त्याच्या मागोमाग नागमोडी पट्ट्यांचे ढालकिडेही येतात. तेही जमले नाही तर रस्त्याकडेची रुई आहेच. तिच्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा वर्षातला बराच काळ असतो आणि नीट शोधले तर अळ्या व कोषही सापडतात. फक्त रुईचे पान मुलांना तोडू देऊ नये. तिचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, तेव्हा तिथले निरीक्षण हात मागे बांधूनच करावे.